पळासनेरच्या नाक्यावर अडलेला कापूस

शिरपूरहून आग्रा रोडने उत्तरेला निघालं की पळासनेर लागतं, पुढे बिजासनचा घाट, आणि घाट चढून गेलं की मध्य प्रदेशातलं सेंधवा. सेंधव्याची कापसाची मंडी जुनी आणि नावाजलेली. शिरपूर तालुक्याच्या उत्तरेकडच्या गावांना तिच्याइतकी सोयीची दुसरी बाजारपेठ नाही. तरीही १९७२ पासून पुढची सुमारे तीस वर्षं त्या गावांतल्या शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातला कापूस गाडीत भरून घाटापलीकडे विकायला नेला, तर तो गुन्हा ठरत होता. चोरीचा माल नाही, बंदी असलेलं पीक नाही. घरच्यांनी वेचलेला साधा कापूस, आणि तो पोलिसांपासून लपवून न्यायचा!

महाराष्ट्राच्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेचं हे प्रकरण. सरकारने किती काम करावं आणि कुठे थांबावं, हा प्रश्न आपल्याकडे बहुतेक वेळा भाषणात येतो. खानदेशात तो काट्यावर, नाक्यावर आणि घरातल्या कापसाच्या ढिगावर आला होता. म्हणून हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं.

योजना आली ती का

योजना वाईट हेतूने आली असं मी म्हणणार नाही. जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव ही गावं कापसावर वाढली. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस थांबला, इंग्लंडच्या गिरण्यांना इकडचा माल हवा झाला, त्याच सुमाराला रेल्वे आली आणि जळगावचं रूप पालटलं. पण या भरभराटीत शेतकऱ्याच्या हाती काय लागत होतं? ज्या सावकाराकडून बियाण्याला पैसे घेतले त्यालाच कापूस द्यायचा, हंगामात सगळ्यांचा माल एकदम आला की भाव पाडून घ्यायचा, काट्यात मारायचं, कट्टी म्हणून वजनात कपात करायची. हे सगळं खरं होतं. आमच्या आजोबांच्या पिढीत कुणालाही विचारलं तरी व्यापाऱ्याबद्दल चांगलं ऐकायला मिळत नसे.

त्यावर उपाय म्हणून राज्याने १९७१ मध्ये कायदा केला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून राज्यातला सगळा कापूस सरकारी यंत्रणेनेच घ्यायचा असं ठरवलं. काम आधी राज्य सहकारी पणन महासंघाकडे होतं, नंतर कापूस उत्पादकांचा वेगळा पणन महासंघ झाला. शेतकऱ्याला हमीभाव द्यायचा, कापूस पिंजून गाठी करून गिरण्यांना विकायच्या, आणि नफा उरला तर बोनस म्हणून वाटायचा. नफ्याचा पाव हिस्सा किंमत चढउतार निधीत जायचा. शिवाय शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या पैशांतून, भांडवल निधी म्हणून शेकडा तीन टक्के कापले जायचे.

कागदावर यात खोट काढणं अवघड आहे. मधला माणूस काढला, नफा घामाच्या धन्याकडे वळवला. पण योजनेत आणखी एक कलम होतं, आणि सगळं प्रकरण त्या एका कलमाचं आहे: महासंघाखेरीज कुणी कापूस घ्यायचा नाही, शेतकऱ्याने इतर कुणाला द्यायचा नाही, आणि राज्याबाहेर न्यायचा नाही.

इथे घटनेकडे एक नजर टाकायला हवी. कलम १९(१)(छ) प्रत्येक नागरिकाला व्यवसाय-व्यापाराचं स्वातंत्र्य देतं. कलम ३०१ म्हणतं की देशभर व्यापार मुक्त असेल. पण १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीने कलम १९(६) मध्ये भर घातली, की राज्याला हवा तो व्यापार स्वतःकडे घेता येईल आणि नागरिकांना त्यातून पूर्णपणे किंवा अंशतः वगळता येईल. घटना अमलात येऊन दीड वर्षही झालं नव्हतं, आणि स्वातंत्र्याच्या दाराला सरकारकडून उघडणारी कडी बसली. पुढे शिरपूरच्या गाडीवानाला अडवण्याची ताकद सरकारला मिळाली ती इथून.

केंद्रावरचा दिवस

शाळेत असताना मी मामांबरोबर खरेदी केंद्रावर जायचो. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, आवाराबाहेर बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली असायची. थंडीत गाडीखाली घोंगडी अंथरून लोक रात्र काढायचे, कारण नंबर हलला आणि माणूस जागेवर नसला तर गाडी मागे जायची. बैलांचा चारा घरून आणलेला असायचा. तो संपला की आवाराबाहेर विकत घ्यावा लागे, आणि तिथे पेंढीचा भाव अडलेल्या माणसाला लावतात तसाच असायचा.

ग्रेडर आला की आवारात शांतता व्हायची. तो गाडीवर हात घालून खोलातून मूठभर कापूस काढी, त्यातला झुपका दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटांत धरून ओढी, तुटलेली टोकं एकावर एक ठेवून पुन्हा ओढी आणि धाग्याची लांबी नजरेने मापी. मग सरकी दाताखाली धरून ओल बघे. हे सगळं मिनिटभरात व्हायचं आणि चिठ्ठीवर प्रत लिहिली जायची: एफएक्यू म्हणजे चांगला, फेअर म्हणजे त्याखालचा, नाहीतर कवडी म्हणजे अगदी हलका. एका प्रतीच्या फरकाने गाडीमागे जे पैसे जात, त्यात घरातल्या दोन मुलांचे कपडे आणि वह्या निघाल्या असत्या.

मामांच्या कापसाला एकदा फेअर लागला. त्यांनी विचारलं, "साहेब, कालच्या गाडीत याच वावरातला माल होता, त्याला एफएक्यू दिला होता ना?" ग्रेडरने मान वर केली नाही. "नसेल पटत तर परत न्या," एवढंच म्हणाला. मामा गप्प बसले. येताना शेजारच्या गाडीवरचे एक आप्पा बोलले ते माझ्या डोक्यात बसलं आहे: "माल आपला, काटा त्यास्ना, भाव बी त्यास्नाच."

"परत न्या" हे शब्द मोकळ्या बाजारातला व्यापारीही म्हणतो. पण तिथे परत नेलेली गाडी दुसऱ्या व्यापाऱ्याच्या दारात जाऊ शकते. इथे परत नेणं म्हणजे घरी नेऊन पुन्हा त्याच रांगेत, त्याच ग्रेडरपुढे उभं राहणं. त्या दिवशीचा ग्रेडर लबाड होता की नुसता थकलेला होता, मला माहीत नाही. पण प्रश्न त्याच्या स्वभावाचा नव्हताच. त्याच्या चुकीची किंमत त्याला मोजावी लागत नव्हती आणि मामांना "मग मी तुम्हाला देत नाही" म्हणायची सोय नव्हती. स्वातंत्र्य हा शब्द मोठा वाटतो. शेतकऱ्यापुरता त्याचा अर्थ गिऱ्हाइकाला नाही म्हणता येणं, एवढाच आहे, आणि तेवढंच काढून घेतलं होतं.

मुंबईला न दिसणारा कापूस

दुसरी गोष्ट हंगामाची. तापीकाठच्या काळ्या जमिनीत विहिरीचं पाणी असलेला शेतकरी मे महिन्यातच कापूस लावतो. त्याची पहिली वेचणी सप्टेंबरात येते. विदर्भातला कोरडवाहू कापूस दसरा-दिवाळीला फुटतो. सगळ्या राज्याला एकच मुहूर्त ठरवायचा म्हटलं की केंद्रं दिवाळीच्या आगेमागे उघडणार. तोवर खानदेशातला पूर्वहंगामी कापूस कुठे राहणार? घरात. माजघर कापसाने भरलेलं, मुलं त्यावर झोपलेली, अंगाला खाज सुटलेली, आणि चुलीची ठिणगी उडू नये म्हणून म्हाताऱ्या बाईचं लक्ष सतत तिकडे. दसऱ्याला हातात पैसा हवा असेल तर रात्री मागच्या दाराने येणाऱ्या माणसाला पडेल भावाने द्यायचा. सरकारने व्यापारी बंद केला असं म्हणतात, पण प्रत्यक्षात तो बेकायदेशीर झाला, आणि बेकायदेशीर व्यापाऱ्याशी घासाघीस करता येत नाही. त्याने पैसे बुडवले तर फिर्याद कुठे देणार?

यात कुणा अधिकाऱ्याचा दोष शोधून उपयोग नाही. मंत्रालयात बसलेला माणूस कितीही प्रामाणिक असला तरी त्याला चोपड्याच्या एका वावरात सप्टेंबरमध्ये काय फुटलं आहे हे कळणार नाही, आणि कळलं तरी त्यापुरता वेगळा निर्णय घेण्याची त्याला मुभा नाही. शेजारच्या गावच्या जिनवाल्याला ते कळलं असतं, कारण त्याची मशिनं रिकामी उभी होती.

जिनवाल्यांचंही वेगळंच झालं. १९७० मध्ये सुरतेला संकर-४ हे जगातलं पहिलं संकरित कापसाचं वाण निघालं आणि खानदेशातल्या धाडसी शेतकऱ्यांनी ते उचललं. चांगल्या कापसात शंभर किलोमागे ३४-३५ किलो रुई उतरते. ज्याच्या मालाचा उतारा जास्त, त्याला खाजगी जिनवाला चार पैसे जास्त देतो, कारण तो फायदा त्याच्या खिशात जातो. एकाधिकारात जिनवाला फक्त मजुरीवर पिंजून देणारा राहिला. माल त्याचा नाही, उतारा त्याचा नाही. मग नवी मशिनं कशाला घ्यायची, कचरा कशाला वेचायचा? शेतकऱ्याने पुढचं पाऊल टाकलं त्याच सुमाराला त्याच्यापुढची साखळी गोठवली गेली.

सीमा दोन्ही बाजूंनी फुटली

ज्या वर्षी सेंधव्याचा किंवा गुजरातचा भाव महासंघाच्या भावापेक्षा वर असे, त्या वर्षी कापूस सातपुड्यातून बाहेर जाई. पळासनेरला नाका असला तर सत्रासेनकडून, नाहीतर नवापूर-नंदुरबारकडून गुजरातेत. यातून शेतकऱ्याला जे मिळायचं त्यातला वाटा वाटेतल्या प्रत्येक हाताला द्यावा लागायचा. ज्याची ओळख होती, ट्रक होता, त्याचा माल पार व्हायचा. ज्याच्याकडे एक बैलजोडी आणि दहा क्विंटल कापूस, तो रांगेत उभा. बंदी सगळ्यांना सारखी असते असं म्हणतात, पण तिचा भार गरीब माणसावर जास्त पडतो, कारण ती मोडायची ऐपत त्याची नसते.

नव्वदच्या दशकात उलटं झालं. हमीभावावर आगाऊ जास्त रक्कम देण्याची प्रथा पडली, आणि ती रक्कम ठरवताना बाजारापेक्षा राजकारणाकडे जास्त बघितलं गेलं. तेवढ्यात जगात कापसाचे भाव कोसळले. मग मध्य प्रदेश आणि गुजरातचा कापूस महाराष्ट्राच्या केंद्रांवर यायला लागला. घाट तोच, फक्त ट्रकांची तोंडं फिरली. महासंघाने चढ्या भावाने घेतलं, पडेल भावाने विकलं, आणि तोटा हजारो कोटींत गेला. शेतकऱ्यांचे चुकारे महिनोन्महिने लांबले. शेवटी २००२ मध्ये खाजगी खरेदीला वाट मोकळी झाली. हे तत्त्व पटलं म्हणून झालं नाही, तिजोरी रिकामी झाली म्हणून झालं.

योजनेच्या बाजूचे लोक म्हणतात की या शेवटच्या वर्षांत शेतकऱ्याला बाजारापेक्षा जास्त मिळालं. मिळालं, हे खरं आहे, आणि त्या वर्षी मीही मामांना केंद्रावर जाऊ नका म्हटलं नसतं. पण ते पैसे ज्या राज्याच्या तिजोरीतून आले, त्याच तिजोरीतून तापीवरचे प्रकल्प आणि खेड्यातले दवाखाने व्हायचे होते. आणि त्याआधीच्या ज्या वर्षांत भाव बाहेर जास्त होता, त्या वर्षांचं नुकसान कुणी भरून दिलं नाही. शरद जोशी शेतकरी संघटनेच्या व्यासपीठावरून हाच हिशेब मांडत होते: सरकार एका हाताने देतं त्यापेक्षा बंद्यांमधून जास्त काढून घेतं. त्याला ते उणे सबसिडी म्हणायचे. खानदेशातल्या माणसाला ही कल्पना समजावून सांगावी लागली नाही, कारण त्याला सेंधव्याचा भाव रोज एसटीच्या ड्रायव्हरकडून कळत होता.

मग व्यापारी साधू झाला का?

नाही. आज गावोगाव खेडा खरेदी चालते. व्यापारी छोटा हत्ती घेऊन दारात येतो, रोख देतो, हे चांगलं. पण काट्याला रिमोट लावून वजन मारणारेही आहेत, आणि उधारीवर गावभराचा कापूस उचलून परागंदा होणारेही. ज्याचे पैसे असे बुडाले तो माणूस पोलीस ठाण्यात गेला की त्याला "हा दिवाणी मामला आहे" म्हणून परत पाठवलं जातं, आणि दिवाणी कोर्टात त्याची तारीख त्याच्या मुलाच्या लग्नापर्यंत पुरते.

माझ्या मते मर्यादित सरकारची खरी बाजू इथे सुरू होते. तीस वर्षं ज्या सरकारकडे प्रत्येक गाडीतला कापूस मोजायला माणसं होती, नाक्यावर रात्रभर उभे राहायला पोलीस होते, त्या सरकारकडे तेव्हाही आणि आताही खेड्यातला काटा तपासायला माणूस नाही. मर्यादित सरकार म्हणजे दुबळं सरकार असा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. उलट आहे. सरकारने कापूस विकत घ्यावा, पिंजावा, गाठी बांधाव्या, विकाव्या, हे सगळं त्याने सोडलं, तर वजन खरं आहे का, करार पाळला का, फसवणाऱ्याला शिक्षा झाली का, ही जी कामं फक्त तेच करू शकतं ती नीट होण्याची आशा. खेळात उतरलेल्या पंचाकडे दाद मागता येत नाही, तसं एकाधिकाराच्या काळात झालं होतं: प्रत लावणारा, भाव ठरवणारा आणि तक्रार ऐकणारा एकच.

हमीभावाने सरकारी खरेदीला माझा विरोध नाही. आज सीसीआय, म्हणजे केंद्राचं भारतीय कापूस महामंडळ, तेच करते. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याला क्विंटलला ७७१० आणि लांब धाग्याला ८११० रुपये जाहीर झाले. ओलावा आठ टक्क्यांपेक्षा जास्त असला तर कपात होते आणि बारा टक्क्यांवरचा माल घेत नाहीत. तिथे रांग असते, नोंदणीचा त्रास असतो. पण कंटाळलेला शेतकरी ट्रॅक्टर वळवून जिनवर जाऊ शकतो, आणि त्याने तसं केलं म्हणून त्याला कुणी पकडत नाही. खरेदीदारांमध्ये सरकार हा एक खरेदीदार, एवढं १९७२ मध्ये झालं असतं, तर योजनेची चांगली बाजू सगळी मिळाली असती आणि तिच्या चुका दुरुस्त करायला महासंघावर दबावही राहिला असता.

कलम गेलं, सवय राहिली

एकाधिकार गेला तरी शेतकऱ्याच्या मालावर आपला हक्क आहे ही सरकारी समजूत गेली नाही. ५ मार्च २०१२ ला केंद्राने कापसाची निर्यात एका आदेशाने बंद केली, आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत ती मागे घेतली. तेवढ्या दिवसांत ज्याने भाव वाढेल म्हणून घरात कापूस ठेवला होता त्याचं काय झालं असेल? ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क हंगामाच्या तोंडावर तात्पुरतं उठवलं गेलं. आयात खुली असावी याला माझी तत्त्वतः हरकत नाही. गिरणीवाल्यालाही आपला माल कुठून घ्यायचा याचं स्वातंत्र्य आहे. पण मग तेच स्वातंत्र्य शेतकऱ्याला निर्यातीत हवं, बियाण्यात हवं. तणनाशकाला दाद न देणारं बियाणं इथे मंजूर नाही, म्हणून दर मे महिन्यात खानदेशात ‘चोर बीटी’ची पाकिटं पकडली जातात, आणि ज्या देशांतून कापूस येतो त्यांतल्या अनेक ठिकाणी तेच तंत्र उघड वापरलं जातं. एकाला मोकळं सोडायचं आणि दुसऱ्याचे हात बांधायचे, याला खुला बाजार म्हणता येत नाही.

एक बंदी मात्र मी या यादीत घालत नाही. गुलाबी बोंडअळीमुळे कृषी विभाग हंगामाआधी ठरावीक तारखेपर्यंत कापूस बियाण्याची विक्री रोखून धरतो, म्हणून आमच्याकडचे लोक सीमेपलीकडून बियाणं आणतात आणि रागावतात. राग समजतो. पण अळी बांधाशी थांबत नाही. माझ्या लवकर लावलेल्या कापसाला आलेल्या फुलांवर पोसलेली पिढी शेजाऱ्याच्या कोरडवाहू वावरात जाते, आणि त्याने काही चूक केलेली नसते. माझ्या कृतीने दुसऱ्याचं थेट नुकसान होत असेल तिथे सरकारला मध्ये पडायचा अधिकार आहे. सेंधव्याला कापूस विकणाऱ्याने शेजाऱ्याचं काहीच बिघडवलं नव्हतं.

तरीही एकच तारीख सगळ्यांना, यापेक्षा बारीक काम करता येईल. बोंडअळी वाढते ती मे महिन्यातल्या लागवडीइतकीच, किंबहुना जास्त, फरदड ठेवल्याने, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक शेतात उभं ठेवल्याने. ज्याने डिसेंबरात पऱ्हाट्या उपटून शेत मोकळं केलं आणि ज्याच्याकडे ठिबक आहे, त्याला आणि मार्चपर्यंत फरदड ठेवणाऱ्याला एकाच मापाने मोजलं जातं. वासाने पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की धोक्याची पातळी, हे कृषी विद्यापीठांनीच सांगितलेलं आहे. गावपातळीवर सापळ्यांची ही मोजणी दर आठवड्याला फळ्यावर लागली, तर कुठे बंदी हवी आणि कुठे नको, हे शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर ठरवता येईल. चोपडा, शिरपूर, यावल या पूर्वहंगामी तालुक्यांत ते आधी करून बघावं.